मोठ्या मायचं मिठाचं माप

आमची मोठी माय किती वर्षांची होऊन गेली, हे घरात कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. आधार कार्डावर १ जानेवारी, म्हणजे अंदाजच. ती सांगायची, वलगावजवळ गाडगेबाबा गेले तेव्हा थोरला मांडीवर होता. ते १९५६ साल. त्यावरून नव्वदीला टेकली असेल. पौषात ऋणमोचनच्या यात्रेत तिनं बाबांना पाहिलं होतं. कीर्तनातलं विचारलं की म्हणायची, "त्याईचा खराटाच ध्यानात रायला बाप्पा."

माहेर अचलपूरकडचं, गोड्या पाण्याचं. लग्नानंतर शकुंतला रेल्वेच्या छोट्या गाडीनं दर्यापूरला उतरली आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आली. इथली जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी शेताला दिलं तर वावर चोपण होतं, आणि चुलीवर ठेवलं तर तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली गुंड मांडलेले असत. ते पाणी वरणाला आणि पाहुण्याच्या चहाला. नव्या सुनेनं त्या पाण्यानं पाय धुतले, तर चार दिवस अबोला. मायाळू वगैरे ती नव्हती. मेल्या माणसाला उगाच मायाळू करू नये.

कष्टाळू मात्र सगळेच म्हणतात, आणि मला तो शब्द अपुरा वाटतो. कोणत्या वावरात कपाशी, कोणत्यात मूग, मागून हरभरा किती, हे तीच ठरवायची. सातबाऱ्यावर नाव लागलं ते मोठे बाबा गेल्यावर. वेचणीला सीतादहीची पूजा करून दहीभात ठेवायची, आणि संध्याकाळी काट्याजवळ बसायची. लिहिता येत नव्हतं. प्रत्येक बाईची सरकीची वेगळी ढिगली. जेवढे किलो, तेवढ्या सरक्या. मजुरीवरून कधी वाद झाला नाही.

१९७२ नंतर कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची वाट. तेव्हापासून तिचा घरात एकच कायदा होता: "चुकारा हाती आल्याबिगर लग्नाची सुपारी फोडाची नाई." पुढं संकरित वाण आले, त्यानंतर बीटी. घरची सरकी राखून पेरायची सोय गेली, याचा राग तिनं मरेपर्यंत धरला. बियाण्याचं पाकीट ती उलटसुलट करून पाहायची आणि किंमत विचारून परत द्यायची.

शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं. डाळ घटकाभरात शिजू लागली. पण तिच्या हाताला मिठाचं माप बसलं होतं ते विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं. वरण अळणी व्हायला लागलं. एकदा सुनेनं भीत भीत सांगितलं, तर म्हणे, "तुमच्याच जिभा बिघडल्या." मग कुणी बोललं नाही. ती चुलीकडे वळली की आम्ही डब्यातलं मीठ वरून टाकून घ्यायचो.