वर-खाली निखारे

आयर्लंडच्या खेड्यातल्या बहुतेक जुन्या घरांत पाव भाजायची भट्टी नसायची. विस्तव असायचा तो पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून उन्हावाऱ्यात वाळवलेल्या मातकट ढेपांचा. हा विस्तव भडकत नाही. पण रात्री राखेखाली झाकला की सकाळपर्यंत धुमसत राहतो. त्या देशाचं सारं भाजणं ह्या सबुरीच्या विस्तवाच्या तंत्रानं चाललं.

जुनी म्हणाल तर ओटची भाकरी. ओटचं पीठ, मीठ, पाणी, जमलं तर थोडी चरबी. तव्यावर जरा आवळली की ती लोखंडी घडवंचीला टेकवून विस्तवासमोर उभी करायची, आणि मग ती वाळत बसायची. अशी खडखडीत झालेली भाकरी अमेरिकेला निघालेल्या माणसांच्या शिदोरीत असे. माझं मन तिच्याकडेच ओढतं, पण मान मिळाला तो सोडा ब्रेडला.

आणि तो तर अगदी अलीकडचा! खाण्याचा सोडा तिकडे रुळला १८३० च्या दशकानंतर. तिथला गहू मऊ, त्याला यीस्टचा पाव नीट साधत नाही. पण घरोघरी लोणी निघायचं, आंबूस ताक उरायचं. ताकाला सोडा भेटला की वायू सुटतो, कणीक फुलते. मळायला नको, तासभर झाकून ठेवायला नको. हलक्या हातानं गोळा केला की तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात. त्याला म्हणायचं बॅस्टिबल. खाली विस्तव, झाकणावर निखारे. आपल्याकडे कोकणात धोंडस भाजतात, तसंच.

१८४५ पासून गरिबांच्या पोटाचा आधार असलेला बटाटा कुजू लागला. सरकारनं अमेरिकेतून मका आणवला. तो दळायचा कसा, शिजवायचा कसा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. उपाशी पोटं आणखी बिघडली. तरी पुढे तेच पिवळं पीठ गरिबांच्या पावात मिसळत राहिलं.

१९३७ साली तिथल्या लोकसाहित्य आयोगानं शाळकरी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे जुन्या गोष्टी विचारायला धाडलं. विषयांच्या यादीत पावही होता. पावाच्या माथ्यावर सुरीनं फुली का मारायची, ह्याची उत्तरं तिकडे अजून दोन-तीन मिळतात: कुणी म्हणतं आशीर्वाद, कुणी म्हणतं पऱ्यांना बाहेर पडायला वाट. असेलही. पण फुलीमुळे मधला भाग कच्चा राहत नाही आणि पाव हातानं सरळ चार ठिकाणी मोडतो. घरात पोरं पुष्कळ असली की वाटणीवरून भांडणं तेवढीच कमी.