हिरवळीची वर्गणी

फिनिक्सजवळच्या ज्या वसाहतीत माझी ताई आणि भाऊजी राहतात, तिथे घर घ्यायचे तर वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. भाऊजी मूळचे तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादचे. नोकरीसाठी अमेरिकेत गेले, तिथेच निवृत्त झाले, आणि मुलांच्या संसारात लुडबुड नको म्हणून दोघांनी अ‍ॅरिझोनाच्या या कोरड्या, उबदार भागात घर घेतले. मी हिवाळ्यात त्यांच्याकडे गेले, तेव्हा चहापासून जेवणापर्यंत प्रत्येक घरात एकच विषय होता. वसाहतीच्या मधोमध पसरलेला खाजगी गोल्फ कोर्स तोट्यात होता. मालकाने रहिवाशांना पत्र पाठवले होते: दर घरामागे दरमहा ठराविक रक्कम द्या, नाहीतर कोर्स बंद करावा लागेल.

ताई-भाऊजींनी गोल्फची स्टिक कधी हातातही धरलेली नाही. पण त्यांच्या मागच्या ओसरीतून दिसते ती याच कोर्सची हिरवळ, आणि घर घेताना त्या हिरवळीसाठी त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या घरांपेक्षा जास्त पैसे मोजले होते. ताई रोज पहाटे तिच्या कडेने फिरते. तिथेच तिच्या मैत्रिणी झाल्या. म्हणजे गोल्फ न खेळणाऱ्याचा गोल्फशी संबंध नाही, असे म्हणायची सोय त्यांना नव्हती.

क्लबहाऊसमधल्या सभेला मी ताईबरोबर जाऊन बसले. सभागृह गच्च भरले होते आणि बोलणारी माणसे मनापासून बोलत होती. एक गृहस्थ म्हणाले, कोर्स सुकला तर आपल्या सगळ्यांच्या घरांची किंमत पडेल, खेळणाऱ्यांची आणि न खेळणाऱ्यांचीही. त्यांच्यामागून एक वृद्ध बाई उठल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्या पेन्शनवर राहतात. विमा, औषधे आणि उन्हाळ्यातले एसीचे बिल भरून हातात जे उरते त्यातून दुसऱ्यांच्या खेळाचे पैसे मी का द्यावेत, असे त्यांनी विचारले, तेव्हा सभागृहात कुणी कुजबुजलेसुद्धा नाही. तिसऱ्याने मालकालाच विचारले, धंदा नफ्यात होता तेव्हा आम्हाला वाटा दिला होता का?

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यातल्या कुठल्याही एकावर संपूर्ण निर्णय घेता येत नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत गेले.

अमेरिकेत ही अडचण एकट्या त्या वसाहतीची नाही. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 1 जानेवारी 1960 रोजी फिनिक्सजवळच सन सिटी लोकांसाठी खुली केली, तेव्हा निवृत्तांच्या वसाहतीच्या मधोमध गोल्फ कोर्स ही कल्पना देशभर गाजली. पुढे कितीतरी बिल्डरांनी तिचीच नक्कल केली. कोर्स दाखवला की प्लॉट विकले जात. प्लॉट संपले की बिल्डर निघून जाई आणि कोर्स एखाद्या मालकाच्या हाती राही. 2006 नंतर अनेक वर्षे अमेरिकेत नवे कोर्स कमी उघडत होते आणि जुने जास्त बंद पडत होते. वाळवंटात तर खर्च आणखी वाढतो. उन्हाळ्यात बर्म्युडा गवत, थंडी सुरू होताना त्यावर राय गवताची पेरणी, आणि बाराही महिने पाणी. कापसाच्या एका पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मला ते फवारे बघून पोटात कालवायचे, हे सांगायलाच हवे.

सन सिटीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. तिथले बहुतेक कोर्स रहिवाशांच्याच ना-नफा संस्थेच्या मालकीचे आहेत आणि घरमालक दरवर्षी तिला ठराविक वर्गणी देतात. खेळो न खेळो, वर्गणी सगळ्यांनाच. पण जमीनही सगळ्यांचीच.

दुसरे उदाहरण फिनिक्सच्याच अहवाटुकी भागातले. तिथला ‘द लेक्स’ हा कोर्स 2013 मध्ये बंद झाला. सुमारे शंभर एकर जागा, तळी आटली, गवत जळाले, आणि त्यावर घरे बांधायचा बेत पुढे आला. रहिवासी कोर्टात गेले. जमिनीच्या मूळ दस्तात ती गोल्फ कोर्स म्हणूनच ठेवायची अट होती. 2018 मध्ये न्यायाधीशांनी रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला आणि अपिलातही तो टिकला. म्हणजे मालकाला वर्गणी देण्याआधी जुना कागद वाचणे किती मोलाचे, ते या रहिवाशांनी दाखवले. फक्त, कोर्टाचा निकाल येईपर्यंत त्यांच्या दारासमोर वर्षानुवर्षे उजाड माळ होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वर्षे मोजूनच वापरावी लागतात.

सभेवरून परतल्यावर भाऊजींनी ताईला पहिला प्रश्न विचारला तो आदिलाबादी माणसाचा होता: “पैसे दिल्यावर पट्टा कुणाच्या नावावर राहणार?”

त्या प्रश्नाने मला थेट घर आठवले. आमच्याकडे प्लॉटिंगच्या नियमाने लेआउटची 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते आणि ती बक्षीसपत्राने नगरपालिकेच्या नावे करावी लागते. पण गेल्या काही दशकांत आदिलाबादच्या कडेकडेने शेताचे तुकडे विकून कितीतरी वस्त्या उठल्या, तिथे मोकळी जागा सोडलीच गेली नाही. 2020 मध्ये राज्य सरकारने एलआरएस, म्हणजे विनापरवाना लेआउट नियमित करण्याची योजना आणली. अशा लेआउटमधला प्लॉट नियमित करायचा तर इतर शुल्काबरोबर प्लॉटच्या सरकारी किमतीच्या 14 टक्के रक्कम मोकळ्या जागेपोटी भरायची. निवृत्त शिक्षक, बसचे कंडक्टर, ग्रंथपाल अशा माणसांनी जन्माची पुंजी प्लॉटमध्ये घातली, आणि कधीच नसलेल्या मैदानाचे पैसे त्यांच्या वाट्याला आले. ते भरूनही त्यांच्या गल्लीत नातवंडांना खेळायला वावभर जागा उगवत नाही. अ‍ॅरिझोनातल्या माणसांकडे निदान हिरवळ आहे.

त्या रात्रीच्या बोलण्यात महाराष्ट्रातले लवासाही भाऊजींच्या तोंडी आले. वरसगाव धरणाच्या काठचे ते खाजगी शहर. तिथे ज्येष्ठांसाठी वेगळी वसाहत आहे. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, 2018 मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खाजगी कंपनीच्या भरवशावर म्हातारपणाची जागा निवडली आणि कंपनीच डळमळली तर काय, याचे उत्तर भारतातही अजून आपण नीट दिलेले नाही. केंद्राने 2019 मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती राज्यांनी स्वीकारली तरच उपयोगाची.

माझे मत रात्रभर भाऊजींशी बोलून पक्के झाले. मालकाचा तोटा भरून काढण्यासाठी रहिवाशांनी दरमहा पैसे देऊ नयेत. त्यात कुठला हक्क मिळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पत्र येणार नाही, याची हमी कुणी देत नाही. पण जमीन विकत घ्यायची असेल, हिशेब सभेपुढे खुले असतील, आणि तिथे बांधकाम होणार नाही हे दस्तात लिहिले जाणार असेल, तर न खेळणाऱ्यांनीही द्यावेत. ताई पहाटे ज्या वाटेने चालते तिचे मोल आहे आणि ते आजवर दुसऱ्याच्या खिशातून भरले गेले, हेही तितकेच खरे. पेन्शनवर जगणाऱ्या त्या बाईंसाठी मात्र वेगळी सोय हवी: त्यांचा वाटा घर विकले जाईल त्या वेळी वसूल व्हावा, जिवंतपणी त्यांच्या औषधांतून नव्हे. अठरा होलपैकी नऊच ठेवून उरलेल्या जागेत कमी पाण्याची झाडे आणि चालण्याच्या वाटा करायलाही हरकत नसावी.

भाऊजींनी पुढच्या सभेत हे मांडले. त्यांचा आवाज मुळात बारीक, पण त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दरमहाच्या मदतीचा प्रस्ताव पडला. जमिनीचे जुने दस्त वकिलाकडून तपासून घ्यायचे आणि विकत घेण्याची बोलणी करायची, यासाठी समिती नेमली गेली. पेन्शनवाल्या बाईंचे नाव भाऊजींनीच सुचवले आणि त्यांनी ते स्वीकारले. मी परत निघाले तेव्हा बोलणी चालू होती. मालकाचा भाव समितीला जास्त वाटत होता, आणि कोर्सवर फवारे अजून सुरू होते.

आदिलाबादला आल्यावर मी आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ मंडळींना हे सगळे सांगितले. आमच्या लेआउटच्या नकाशात बागेची जागा दाखवलेली आहे, पण तिचे बक्षीसपत्र नगरपालिकेच्या नावे झाले की नाही, हे कुणालाच माहीत नव्हते. आता दोघेजण त्याची नक्कल काढायला सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाणार आहेत. त्या जागेला कुंपण घालायची वर्गणी त्यानंतर ठरेल.