भादलीच्या निकालानंतरची बातमी

भादली बुद्रुक, ता. जळगाव. २०२० च्या डिसेंबरात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी, म्हणून छाननीत अर्ज बाद. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने अर्ज ग्राह्य धरायला लावला. १८ जानेवारी २०२१ ला निकाल लागला: ५६० मतं, विजय.

*

ही बातमी देशभर गेली, आनंद वाटला. पण मला पुढचंही वाचायचं आहे. गावाने मत देताना काय पाहिलं? अडीनडीला धावून येणारी बाई पाहिली, की आणखी काही? निवडून आल्यावर ग्रामसभेत त्यांचं ऐकलं गेलं का? हे भादलीला जाऊन, पारावर बसूनच कळेल.

*

२०२४. रावेर विधानसभेला वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार शमिभा पाटील, याही तृतीयपंथी. रावेर म्हणजे केळी. इतर उमेदवारांना विचारतात तसं त्यांनाही केळीच्या पीक विम्याबद्दल विचारायला हवं होतं. तृतीयपंथी उमेदवाराला फक्त तिच्या शरीराबद्दल विचारणं हा मतदाराचाही अपमान आहे.

*

१ जुलै २०१८, राईनपाडा, ता. साक्री. मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याआधी मे महिन्यात हैदराबादेत अशाच अफवेने एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला. दारोदार फिरून पोट भरणाऱ्यांवर संशय आधी येतो. अफवा मोबाईलवर फिरू लागली की त्याच दिवशी पोलिसांना विचारून 'हे खोटं आहे' असं ठळक छापणं, हे वार्ताहराचं काम. त्याने माणसं वाचतात.

*

गुन्ह्याच्या बातमीत आरोपी तृतीयपंथी असेल तर ते मथळ्यात येतं आणि अख्खी वस्ती आरोपी होते. मार खाणारी तृतीयपंथी असेल, तर आधारकार्डावरचं जुनं नाव छापतात. ती स्वतःला काय म्हणवते, एवढं तरी विचारा.

*

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद लिंगाच्या 'इतर' या रकान्यात झाली. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथींना ओळखपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. २०२० च्या नियमांनी त्याला ३० दिवसांची मुदत घातली. जळगाव आणि धुळ्यात अर्ज किती आले, किती अडले, कशासाठी अडले? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकला की बातमी तयार. केळीचा भाव आपण रोज छापतो. हा आकडा महिन्यातून एकदा छापायला काय हरकत आहे?

*

कोइमतूरच्या एका वाहिनीवर पद्मिनी प्रकाश २०१४ मध्येच बातम्या देऊ लागल्या. खानदेशातल्या दैनिकांनी पुढच्या भरतीत तृतीयपंथी वार्ताहर घ्यावा. त्याला बाजार समिती द्यावी, पंचायत समिती द्यावी, पोलीस ठाणं द्यावं. आणि पगार इतरांइतकाच द्यावा.