फूफीची गाणी आणि बोटभर यंत्र

आमच्या खाडीपट्ट्यात माणूस आखातात गेला की घरात पहिली वस्तू यायची ती टेपरेकॉर्डर. गाणी ऐकण्यापेक्षा त्याचा मोठा उपयोग पत्रासाठी. लिहिता न येणाऱ्या बायका टेपसमोर बसून कॅसेट भरत. सलामापासून सुरुवात, मग आंब्याचा मोहोर, कोणाच्या घरी काय झालं, कोण आजारी. शेवटी थोडी पट्टी उरली तर फूफी हळदीची गाणी म्हणायची. ढोलकी नाही, टाळी नाही, नुसता गळा.

अशाच नुसत्या गळ्याने पुढे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना घाम फोडला होता, हे मला फार उशिरा कळलं. एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी गाणं कमी जागेत बसवण्याच्या खटपटीत होते. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, तो गाळून टाकायचा, ही त्यातली युक्ती. त्यामुळे गाणं मूळच्या अकराव्या हिश्श्यात मावू लागलं. पण सुझान व्हेगा या गायिकेचं साथीशिवायचं गाणं घेतलं तेव्हा तिचा आवाज पार बिघडला. वाद्यांच्या गर्दीत चूक लपते, एकट्या आवाजात कुठे लपणार? तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी आपली पद्धत सुधारली. १९९५ साली तिला 'एमपी३' हे नाव मिळालं.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा 'एमपीमॅन' आला. ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी! त्याच वर्षी अमेरिकेत 'रिओ' आला आणि रेकॉर्ड कंपन्यांची संघटना कोर्टात धावली. १९९९ मध्ये वरच्या कोर्टातही ती हरली. २००१ च्या ऑक्टोबरात एक हजार गाण्यांचा आयपॉड जाहीर झाला.

आमच्याकडे यातलं काहीच आलं नाही. २००६ साली कुवेतहून भाई आला, त्याच्या बॅगेत बोटाएवढा चिनी प्लेअर होता. नाव ना गाव. एक पेन्सिल सेल, एफएम, आणि आवाज भरायचं बटण. अब्बांचा टेप लागला की कव्वाली अख्ख्या अंगणाची व्हायची, शेजारी कट्ट्यावर येऊन बसायचे. भाईचं ऐकणं मात्र त्याच्या एकट्याचं. अम्मी चिडायची, "कान कुठं गहाण ठेवलेस रे?" घरातल्या बुजुर्गांना गाणंबजावणं पसंत नव्हतं, पण जे ऐकूच येत नाही त्याला हरकत कशी घेणार? भाभी ओढणीखाली एक वायर कानात घालून भाकऱ्या थापायची. चौदा माणसांच्या घरात तिला मिळालेली ती पहिली स्वतःची खोली, असं मला आजही वाटतं.

परत जाण्याच्या आदल्या रात्री भाईने प्लेअर फूफीपुढे धरला. तिने सात गाणी म्हटली. मध्येच खोकला आला, तिने पाणी प्यायलं आणि सोडलेल्या ओळीवरूनच पुन्हा सुरुवात केली. ते सगळं तसंच भरलं गेलं.

२०११ मध्ये फूफी वारली. ती गाणी दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नव्हती. भाईचा प्लेअर कधीच बंद पडला होता. त्यातली गाणी त्याने संगणकावर उतरवून ठेवली होती, पण ती लागेनात. त्या स्वस्त यंत्रांत भरलेला आवाज 'एसीटी' नावाच्या निराळ्याच साच्यात पडायचा, जो दुसऱ्या यंत्राला कळत नसे. भाच्याने चार दिवस खटपट करून तो साधा एमपी३ केला. माशी घोंगावल्यासारखी खरखर आहे, पण शब्द कळतात.

आता प्लेअर फोनच्या पोटात गेला. आयपॉडही २०२२ च्या मे महिन्यात बंद झाला. कॅसेटवर पत्र भरायची तर आजच्या मुलांना गंमत वाटते, आणि दिवसभर फोनवर बोलून निरोप पाठवतात ते मात्र वेगळं वाटत नाही.

२०१९ मध्ये भाच्याच्या हळदीला त्याने फोन स्पीकरला जोडला. फूफीच्या मागोमाग बायका म्हणू लागल्या. शब्द चुकत होते, दुसऱ्या गाण्यापर्यंत जमायला लागलं. तिचा खोकला आला तिथे सगळ्या थांबल्या. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत कुणी पुढची ओळ घेतली नाही.