तिसऱ्या सिलिंडरची बाकी

२००६ साली मी १९६९ची फोक्सवॅगन बीटल घेतली, तेव्हा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर होतो. त्यामुळे मशीन कुठलंही असो, आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. खरं तर मन बसलं होतं पोर्शे ९११वर, शाळेत असताना एका जुन्या मासिकात तिचा फोटो पाहिल्यापासून. ती परवडण्यातली नव्हती. पण बीटल तिच्याच घरची. फर्डिनांड पोर्शे यांनी बीटल घडवली आणि त्यांचा मुलगा फेरी याने १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी बीटलचे भाग वापरून पहिली ३५६ उभी केली. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाण्याचा थेंब नाही, सगळा भार वाऱ्यावर. हे नातं मला पाठ होतं. गाडी विकत घेताना काय बघायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मी रंग बघितला, आरसी बुक बघितलं आणि पैसे दिले. मागच्या सीटखाली बॅटरी असते आणि तिथला पत्रा सगळ्यात आधी सडतो, हे मला माहीत नव्हतं. लोहचुंबक फिरवला असता तर रंगाखाली पत्रा कुठे आहे आणि नुसती पुटी कुठे, ते कळलं असतं. मागची पुली हाताने ओढून-ढकलून क्रँकशाफ्ट किती पुढेमागे होतो ते बघायचं असतं. यातलं मी काहीच केलं नाही.

गाडी घरी आली आणि तिच्या आवाजाची मला लाज वाटू लागली. दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात सकाळी इंजिन सुरू केलं की टॅपेटचा टकटक आवाज भिंतींवर आपटायचा. शेजारी गॅलरीत यायचे. एका रविवारी मी झाकणं उघडली आणि आठही टॅपेट आवळून टाकले. आवाज गेला. मला फार समाधान वाटलं. शिवाय इंजिनाभोवतीचे पत्रे मला अडगळ वाटत होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात इंजिनाला मोकळी हवा मिळावी म्हणून ते काढले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले.

मे महिन्यात पावागढला निघालो. हालोलच्या अलीकडेच गाडीचा दम गेला. टेम्पोला बांधून ती परत आणली.

कोणीतरी काकांचं नाव सुचवलं. रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून ते निवृत्त झाले होते. आयुष्यभर नॅरोगेजचं काम केलेलं, संध्याकाळी घरच्या ओट्यावर गाड्या बघायचे. त्यांनी चार बोल्ट सोडून इंजिन खाली उतरवलं, हेड काढलं आणि एक व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. कडेचा एक घास जळून गेला होता.

"तिसऱ्याचा एक्झॉस्ट," ते म्हणाले. "पत्रे कुठे आहेत?"

मी सांगितलं. टॅपेट मीच आवळले, हे मात्र सांगितलं नाही. वर म्हणालो, आधीच्या मालकाने काहीतरी केलं असावं. काका काही बोलले नाहीत. खाली वर्तमानपत्र पसरून ज्या क्रमाने भाग निघाले त्याच क्रमाने ते मांडत राहिले. नंतर कधीतरी लक्षात आलं, लॉकनटवरचे माझ्या पान्याचे ताजे ओरखडे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले असणार.

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी ते पत्रे नवे घडवले. आधी पुठ्ठ्याचे साचे कापले, मग पत्रा कापून लाकडी ठोकळ्यावर हातोडीने वळवला. काम करता करता सांगायचे. पंखा वरून वारा ढकलतो, तो सिलिंडरच्या पंखांतूनच गेला पाहिजे. त्याला दुसरी वाट मिळाली की तो सोप्या वाटेने निघून जातो. आणि खालची गरम हवा पुन्हा वर येऊ नये म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यातली फट रबराने बंद हवी. तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत ऑइल कूलर उभा आहे, म्हणून त्याच्या वाट्याला वारा कमीच. त्याला सगळ्यात जास्त जपायचं.

मग एका पहाटे, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, त्यांनी मला फीलर गेज दिलं. ०.१५ मिलिमीटरची पट्टी. पुली अर्धा फेरा उलटी फिरवायची आणि एक, दोन, तीन, चार असं जायचं. "पट्टी अडखळत नाही, पण धरते, अशी गेली पाहिजे," ते म्हणाले. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि बसला नाही तर आपली उष्णता टेकवायला त्याला जागाच राहत नाही. "वाजतो तो व्हॉल्व्ह जिवंत असतो रे. गप्प झाला की भीती."

तेव्हा मी कबूल केलं. ते फक्त "हं" म्हणाले आणि म्हणाले, "दुसरा बघ."

मजुरी विचारली तर म्हणाले, "पत्र्याचे दे. बाकी राहू दे."

त्याच सुमाराला कारखान्यात एक ऑपरेटर कॉम्प्रेसरच्या आवाजाची तक्रार सारखी करायचा. मी त्याला दोनदा गप्प केलं होतं. एकदा तर चारचौघांत. व्हॉल्व्ह जळल्यानंतर मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि पुन्हा सांगायला लावलं. बेअरिंग खरोखर जात होतं. मी त्याची माफी मागितली. हे माझं मला सुचलं नसतं, म्हणून हे देणंही काकांच्याच खात्यात.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, ती फक्त सांभाळण्याची होती. दर पाच हजार किलोमीटरला अडीच लिटर ऑइल आणि चाळणी धुणं, कारण या इंजिनाला ऑइल फिल्टरच नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकायच्या आधी बदलणं. डायनॅमोचा लाल दिवा लागला की तिथल्या तिथे थांबणं, कारण पट्टा एकच. तो तुटला तर पंखाही बंद.

३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस पडला. विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, रस्त्यांवर मगरी दिसल्या. गाडी त्या दिवशी एका मित्राकडे सखल भागात उभी होती. फोन लागला तेव्हा काकांचं पहिलं वाक्य होतं, "सेल्फ मारू नकोस." पाणी ओसरल्यावर आम्ही ऑइल काढलं, तर ते चहासारखं दुधाळ. एकदा सेल्फ मारला असता तर इंजिन गेलं असतं. तेव्हा काका पंचाहत्तरीचे होते आणि चिखलात माझ्या आधी बसले होते.

२०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, पण मग गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. मला त्या नंबराचा मोह झाला होता. काका म्हणाले, "उभी राहिली की सडेल." मी अर्ज केला नाही. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे आम्ही दोघं याच बीटलमधून गेलो, बघे म्हणून.

काकांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात मी गाडी त्यांच्या ओट्यासमोर उभी केली. काठी टेकत ते मागे आले, वाकले आणि सायलेन्सरच्या नळीमागे तळहात धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "एक श्वास तोकडा पडतोय."

मला काहीच जाणवलं नव्हतं. आवाज तर छान, शांत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिनाचं झाकण उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये ०.१५ची पट्टी जाईना, ०.१० जेमतेम गेली. फट जुळवली, हात धुतले आणि चालत त्यांच्याकडे गेलो. बोलून उपयोग नव्हता. गेजमधली ती पातळ पट्टी उघडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, तीन बोटं वर केली आणि मी मान हलवल्यावर आत वळून चहा ठेवायला सांगितला.