पाषाण रोडवर रोजचाच पाऊस

तोही बिनढगांचा, बिनछत्रीचा! पुण्यातल्या एका रस्त्याचा, सिलिकॉनच्या चकत्यांचा आणि भाजीवाल्याच्या पासंगाचा परस्परांशी संबंध काय? या वीकएंडला जरा हटके भटकंती...

पुण्यातल्या पत्त्यांची एक गंमत आहे. कुरिअरवर आपण ‘डॉ. होमी भाभा रोड’ लिहितो आणि रिक्षावाल्याला मात्र ‘पाषाण रोड’ सांगतो. विद्यापीठ चौकातून निघून पाषाणकडे जाणारा हाच तो रस्ता. पाषाण-सूस-बावधनची निम्मी ऑफिसजनता रोज इथूनच जाते. कानात गाणी, डोळे सिग्नलवर, डोकं साडेनऊच्या मीटिंगमध्ये. रस्त्याच्या कडेला काय काय आहे हे बघायला वेळ कुणाला?

खरं तर या रस्त्याइतका ‘हुशार’ रस्ता पुण्यात दुसरा नसेल. १९५० साली सुरू झालेली एनसीएल, तिच्या शेजारी २००६ साली सुरू झालेली आयसर, पावसाचा अभ्यास करणारी आयआयटीएम, सुपरकॉम्प्युटरवाली सी-डॅक. इराण्याच्या हॉटेलांनी कॅम्प ओळखावा, तसा संस्थांच्या पाट्यांनी हा रस्ता ओळखावा. आणि यातल्या एका पाटीमागे, आयसरमध्ये, जिनिव्हाजवळच्या ‘सीएमएस’ या अवाढव्य प्रयोगात सहभागी असलेला एक गट काम करतो. २०१२ च्या ४ जुलैला ज्या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर केलं, त्यातला एक हा.

आता म्हणाल, फिजिक्स दहावीनंतर सोडलं, आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्या तळहाताइतका जवळचा.

मिनिटाला शंभर!

तळहात उघडा आणि आकाशाकडे धरा. काही जाणवलं? नाही ना? पण तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत त्यातून तीन-चार म्युऑन आरपार गेले. अंतराळातून येणारे कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, त्या धडकेतून हे म्युऑन तयार होतात. जमिनीवर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक असा त्यांचा हिशेब. म्हणजे पसरलेल्या तळहातावर मिनिटाला शंभराच्या आसपास. पाषाण रोडवर, तुळशीबागेत, तुमच्या क्युबिकलमध्ये, सगळीकडे हा पाऊस चालूच असतो. पुण्याच्या पावसाबद्दल कितीही तक्रारी करा, हा मात्र वेळेवर येतो.

म्युऑनचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला कण पाषाणपर्यंत पोचतोच कसा? उत्तर आइनस्टाइनकडे आहे: इतक्या वेगानं पळणाऱ्याचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या मानानं मंद चालतं. आणि हा परिणाम या कणांच्या आयुष्यात दिसायला हवा, असं १९३८ साली लिहिणारा तरुण कोण? होमी भाभा. वय वर्षं २८. म्हणजे ज्यांचं नाव रस्त्याला आहे, त्यांनीच या पावसाचं एक कोडं उलगडायला हात लावला होता. पाटी लावताना महापालिकेनं एवढा विचार केला असेल असं वाटत नाही, पण योगायोग भन्नाट आहे.

चकतीतून जाताना

हा कण पकडायचा कसा? पकडायचा नाहीच, त्याची पावलं मोजायची. सिलिकॉनची पातळ चकती घ्यायची, जाडी सुमारे ३०० मायक्रॉन, म्हणजे तीन-चार केस एकावर एक ठेवल्यासारखी. तिच्यावर उलट्या दिशेनं शेकडो व्होल्ट लावून ठेवायचे. भारित कण आरपार गेला की वाटेत २० ते २५ हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ऐकायला खूप वाटतं, पण हा विजेचा इतका बारीक टिपूस आहे की चिपच्या स्वतःच्या कुरबुरीत तो सहज हरवावा.

चकतीवर पट्ट्या किंवा छोटे कप्पे आखलेले असतात. कोणत्या कप्प्यात टिपूस पडला ते कळलं की कण कुठून गेला ते कळतं. अशा चकत्यांचे थरावर थर रचले की कणाचा आख्खा मार्ग दिसतो. सीएमएसच्या मूळ ट्रॅकरमध्ये सिलिकॉनचं क्षेत्रफळ होतं सुमारे २०० चौरस मीटर. दोन बीएचकेचे तीन फ्लॅट मिळून होईल तेवढं, आणि सगळं जमिनीखाली १०० मीटरवर!

यात आपलाही वाटा आहे. सीएमएसच्या ‘प्रीशॉवर’ या भागासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रानं बेंगळुरूच्या बीईएलबरोबर सुमारे १,००० सिलिकॉन चकत्या बनवून दिल्या.

आधी पासंग बघा

पण चकती बनली म्हणजे काम झालं का? इथेच तर खरी स्टोरी सुरू होते.

मंडईत चोखंदळ गिऱ्हाईक काय करतं? मेथीची जुडी बघायच्या आधी रिकामा तराजू बघतं. पारडी समपातळीत आहेत का? नसतील तर आधी पासंग काढायला लावतं. डिटेक्टरचंही अगदी हेच. कण आलेला नसतानाही प्रत्येक कप्पा काही ना काही आकडा दाखवतोच. तो त्याचा पासंग. तो कप्प्यागणिक वेगळा. तापमान बदललं की बदलतो. आधी तो मोजायचा आणि वजा करायचा. मग तो आकडा स्वतःहून किती थरथरतो ते बघायचं. ती झाली कुरबुर.

त्यानंतर लागतं खरं माप, शिक्का मारलेलं. कारण कप्पा ‘४२’ म्हणाला तर ते ४२ म्हणजे नक्की किती? हे माप म्हणून वापरतात, ओळखलंत, म्युऑनच. तो चकतीतून फारशी मारामारी न करता जातो आणि जाताना जवळपास ठरलेली ऊर्जा सोडतो. हजारो म्युऑन जाऊ द्यायचे, त्यांच्या आकड्यांचा ढीग कुठे सर्वांत उंच होतो ते बघायचं आणि ठरवायचं: या कप्प्याचा एक म्युऑन म्हणजे एवढे आकडे. पुढचा कप्पा. पुन्हा तेच. मग त्याच्या पुढचा.

किती कप्पे? सीएमएसमध्ये आता टोकाकडच्या बाजूंना नवा कॅलरीमीटर बसणार आहे, नाव एचजीकॅल. ट्रॅकर कणाची वाट दाखवतो, कॅलरीमीटर त्याची ऊर्जा मोजतो. यात षटकोनी चकत्या, ६०० चौरस मीटरहून जास्त सिलिकॉन, उणे ३० अंशांची थंडी आणि कप्पे सुमारे ६० लाख. प्रत्येकाचा पासंग वेगळा! याच्या नमुन्याच्या चाचण्या २०१८ साली सर्नमध्ये झाल्या, सुमारे १२ हजार कप्प्यांच्या, आणि प्रत्येक कप्पा जुळवायला म्युऑनचा झोत वापरला. त्या चाचण्यांत आणि नंतरच्या विश्लेषणात आयसर पुण्याच्या मंडळींचाही हात होता. म्हणजे सीएमएसच्या कप्प्यांचे पासंग काढणाऱ्यांत पाषाण रोडवरचेही लोक आहेत.

आणि हे एकदाच करून भागत नाही. किरणांचा मारा खाऊन सिलिकॉन थकतं, तेवढ्याच म्युऑनला कमी आकडे दाखवू लागतं. म्हणून तराजू पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, वर्षानुवर्षं.

आकाशातून आलेला ओळंबा

आता दुसरा प्रश्न. चकत्या बसवल्या, पण त्या नक्की कुठे बसल्या? तुम्ही म्हणाल, ड्रॉइंगमध्ये आहे की. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा, ड्रॉइंग आणि भिंत यांत किती फरक असतो ते! कणाचा मार्ग काही मायक्रॉनपर्यंत काढायचा असेल तर चकतीची जागाही तितकीच अचूक माहीत हवी. कोणताही कामगार कितीही सफाईनं काम करो, हातानं हे जमणं शक्य नाही.

मग गवंडी काय करतो? ओळंबा सोडतो. भिंत वाकडी असेल, दोरी वाकडी नसते. चुंबक बंद असताना म्युऑन जवळपास सरळ रेषेत जातो. तो दहा थरांतून गेला आणि नऊ ठिकाणच्या खुणा एका रेषेत, दहावी जरा बाजूला पडली, तर म्युऑन चुकला नाही, दहावी चकती सरकलेली आहे. असे लाखो म्युऑन घेतले की सगळ्या चकत्यांच्या जागा गणितानं सुटतात.

याचा कसोटीचा क्षण आला २००८ मध्ये. १० सप्टेंबरला एलएचसीत पहिला झोत फिरला, जगभर हेडलाइन झाली आणि नऊ दिवसांत मोठा बिघाड होऊन यंत्र एका वर्षाहून जास्त काळ बंद पडलं. टक्कर नाही, डेटा नाही. सीएमएसवाल्यांनी काय केलं? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चुंबक चालू ठेवून (तेव्हा वाटा वळतात, पण त्यांचं वळण गणितात बसतं) आकाशातला फुकटचा पाऊस नोंदवत बसले. तब्बल २७ कोटी नोंदी! त्यातल्या तीस लाखांहून जास्त कणांच्या वाटांवरून ट्रॅकरच्या १६,५८८ मॉड्यूलच्या जागा काढल्या. मधल्या भागात सरासरी अचूकता ३ ते ४ मायक्रॉन. टोकाकडच्या चकत्या उभ्या असल्यानं वरून पडणाऱ्या म्युऑनला त्या नीट भेटत नाहीत, तिथे काम थोडं कच्चं राहिलं, ते पुढे टकरींनी पूर्ण केलं. पण ३० मार्च २०१० ला मोठ्या ऊर्जेच्या टकरी सुरू झाल्या तेव्हा डिटेक्टर तयार होता.

डेक्कन क्वीन पकडा

हे सगळं हाताळलं कुठे जातं ते बघायचं तर पुण्याबाहेर पडावं लागतं, पण फार लांब नाही. सकाळची डेक्कन क्वीन, सीएसएमटी आणि तिथून कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगतचं टीआयएफआर. एचजीकॅलची मॉड्यूल जगात ज्या सहा केंद्रांत जुळवली जातात, त्यांतलं एक हे. बाकी तीन अमेरिकेत, एक बीजिंगला, एक तैपेईला. आठ इंची षटकोनी चकती, खाली पाया, वर सर्किट बोर्ड. यंत्राचा हात गोंद लावून थर जुळवतो. मग केसाहून बारीक तारांनी चकती बोर्डाला जोडायची, आणि लगेच पुन्हा तेच: व्होल्टेज लावा, गळती बघा, पासंग मोजा, कुरबुर मोजा. पास झालं तर पुढे.

यात ग्लॅमर किती? शून्य. पीएचडीची उमेदीची वर्षं द्यायची आणि ज्या पेपरवर नाव येणार, त्यावर आणखी दोन-तीन हजार नावं असतात. शिवाय हे यंत्र ज्या नव्या पर्वासाठी आहे, ते वेळापत्रकाप्रमाणे २०३० च्या सुमारास सुरू होणार. आपल्याला ‘डिलिव्हरेबल’ शुक्रवारपर्यंत हवं असतं!

मग एवढा आटापिटा कशाला? २०११ चा सप्टेंबर आठवा. इटलीतल्या ‘ऑपेरा’ प्रयोगानं सांगितलं, न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. आइनस्टाइन चुकला म्हणून पेपरांनी मथळे दिले. पुढच्या वर्षी कारण सापडलं: मुख्य दोष एका ऑप्टिकल केबलचा, ती नीट बसलेलीच नव्हती. निसर्ग बदलला नव्हता, पासंग राहिला होता. त्या मंडळींनी स्वतःच शोधून तो जाहीर केला, हे त्यांचं मोठेपण.

आपल्या ऑफिसातही अप्रेझलच्या सीझनला ‘कॅलिब्रेशन मीटिंग’ होते. तिथे समोरच्या माणसाचं वजन होतं. तराजू कुणी तपासत नाही. पाषाण रोडवरचा फंडा बरोबर उलटा आहे: जग मोजायच्या आधी स्वतःचा शून्य कुठे आहे ते बघा.

२४ जानेवारी १९६६ ला जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असलेलं एअर इंडियाचं विमान मों ब्लांवर कोसळलं. त्यात भाभा होते. वय ५६. आज सीएमएस उभा आहे तो त्याच जिनिव्हाच्या वेशीवर. स्वच्छ हवेत त्या परिसरातून तो पर्वत दिसतो. पुण्यातून तिथे शिफ्टला जाणाऱ्या मुलामुलींच्या घरच्या पत्त्यावर मात्र अजूनही त्यांचंच नाव असतं.

असा करा वीकएंड

आयुका: विद्यापीठाच्या आवारात. चार्ल्स कोरियांची वास्तू, फुकोचा लंबक आणि कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी सर्वांना खुलं. एरवी जाण्याआधी चौकशी करा.

जीएमआरटी, खोडद: नारायणगावजवळ, पुण्याहून सुमारे ८० किलोमीटर. ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी. विज्ञान दिनाच्या सुमारास इथे जत्राच असते!

खिशातला डिटेक्टर: मोबाइल कॅमेऱ्याची चिपही सिलिकॉनचीच. लेन्सवर काळी टेप लावा, फोन अंधारात ठेवा. कणांचे ठिपके टिपणारी ॲप्स मिळतात. एकाच जागी सारखा दिसणारा ठिपका म्हणजे बिघडलेला पिक्सेल. एकदाच चमकून गेलेला असेल तर कदाचित म्युऑन, कदाचित भिंतीतल्या किरणोत्साराचा कण. चिप नखापेक्षा लहान, तेव्हा धीर धरा. आणि हो, पहिल्या रात्री फक्त पासंग मोजा.