आवडीचे गणित

आवडलेल्या गोष्टींना क्रम लावण्याची हौस माणसाला फार पूर्वीपासून आहे. घरात कोणाच्या हातची पुरणपोळी सरस, गावात कोणत्या कीर्तनकाराचे आख्यान अधिक रंगले, यावर मतभेद होतातच. चित्रपटाच्या बाबतीत तर ही हौस अनावर होते. चित्रपट एकट्याने पाहता येतो. परंतु त्याविषयी बोलायला दुसरे माणूस लागते. दोन चित्रपटप्रेमी एकत्र आले, की थोड्याच वेळात एकजण दुसऱ्याला विचारतो, ‘‘तुमचा सर्वांत आवडता चित्रपट कोणता?’’ प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचे उत्तर देताना माणूस चित्रपटाविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक स्वतःविषयी सांगून जातो.

१९५२ हे वर्ष या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांची मते मागवून जगातील श्रेष्ठ चित्रपटांची पहिली यादी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात चित्रपटगीतांचा क्रम लागू लागला. त्यासाठी ध्वनिमुद्रिकांचा खप पाहिला जाई आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतेही विचारात घेतली जात. एक यादी जाणकारांची, तर दुसरी सामान्य श्रोत्यांची. कलेचा कस कोणी लावायचा, अभ्यासकांनी की रसिकांच्या समुदायाने, हा जुना वाद या दोन याद्यांच्या रूपाने जणू शेजारी शेजारी उभा राहिला. तो अद्याप मिटलेला नाही.

आमची यादी या दोन्हींच्या मानाने अगदीच लहान. बडोद्याला आमचे एक चित्रपट रसिक मंडळ आहे. महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या सभागृहात आम्ही चित्रपट पाहतो आणि मग चहा पीत त्यावर बोलतो. बडोद्यात मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यामुळे मंडळात मराठी आणि गुजराती असे दोन्ही भाषक आहेत, शिवाय नोकरीनिमित्त आलेली एक-दोन बंगाली आणि मल्याळी कुटुंबेही आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, रिक्षाचालक, शिवणकाम करणाऱ्या ताई, महाविद्यालयात शिकणारी मुले असा आमचा परिवार. एका वर्षअखेरीस कोणीतरी सुचवले, की आपण सर्वांनी मते देऊन आवडत्या चित्रपटांची एक यादी करावी. प्रत्येकाने दहा चित्रपट लिहायचे. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे करत दहाव्याला एक. बत्तीस जणांनी चिठ्ठ्या दिल्या. बेरीज झाली आणि ‘शोले’ पहिला आला.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. आमच्यातील निवृत्त गुरुजींनी ‘पथेर पांचाली’ पहिल्या क्रमांकावर लिहिला होता. ते म्हणाले, ‘‘लोकप्रियता आणि श्रेष्ठता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मतमोजणीने कविता निवडता येत नाही, तसा चित्रपटही निवडता येत नाही.’’ त्यावर रिक्षाचालक भाई शांतपणे म्हणाले, ‘‘गुरुजी, तो चित्रपट मी पाहिलेलाच नाही. दाखवाल तर पाहीन. मग मत देईन.’’

या एका वाक्याने आमच्या गणितातील उणीव उघडी पडली. सव्वीस जणांनी पाहिलेला एखादा चित्रपट प्रत्येकाने सहाव्या क्रमांकावर लिहिला, तरी त्याचे एकशे तीस गुण होतात. उलट तिघांनीच पाहिलेला चित्रपट तिघांनीही पहिला ठरवला, तर त्याला केवळ तीस गुण मिळतात. म्हणजे बेरजेत आवड मोजली जाते, तशी ओळखही मोजली जाते. मग बेरीज सोडून सरासरी घ्यावी, तर एकाच माणसाने दहा गुण दिलेला चित्रपट सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसतो. जगभरातील प्रेक्षकांच्या मतांवर आधारलेल्या ‘आयएमडीबी’च्या यादीतही हा पेच आहे. तेथे त्यावर एक तोडगा काढलेला आहे. किमान मतसंख्येची अट असते आणि मते कमी असली, तर त्या चित्रपटाची सरासरी सर्व चित्रपटांच्या सरासरीकडे ओढून घेतली जाते. मते जसजशी वाढतात, तसतसे त्याचे स्वतःचे गुण ठळक होत जातात. युक्ती चांगली आहे. पण ज्याला प्रेक्षकच भेटले नाहीत, अशा चित्रपटाला तिचा काही उपयोग नाही.

तरीसुद्धा समुदायाच्या मताला कमी लेखणे योग्य नव्हे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या काही दिवसांत तो पडला असेच बोलले जात होते. समीक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत त्याला एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना, उत्कृष्ट चित्रपटाचा मान त्या वर्षी ‘दीवार’ने मिळवला. परंतु पाहून आलेल्या प्रेक्षकांनी दुसऱ्यांना सांगितले, त्यांनी तिसऱ्यांना सांगितले आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. त्याचे संवाद लोकांना तोंडपाठ झाले. अमेरिकेतही असेच एक उदाहरण घडले. तुरुंगातील दोन कैद्यांच्या मैत्रीची कथा सांगणारा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ १९९४ मध्ये आला. त्याला ऑस्करची सात नामांकने मिळाली, पण पुरस्कार एकही नाही. तिकीटबारीवरही त्याची निराशाच झाली. पुढे चित्रफितींतून आणि दूरचित्रवाणीवरून तो घरोघरी पोहोचला आणि २००८ मध्ये आयएमडीबीच्या प्रेक्षकांच्या यादीत पहिल्या स्थानावर गेला. ते स्थान त्याने दीर्घकाळ टिकवले. तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेले काही वेळा सामान्य प्रेक्षक जपून ठेवतो, तो असा.

मग जाणकारांची यादी तरी स्थिर असते का? ‘साइट अँड साउंड’ दर दहा वर्षांनी आपली यादी नव्याने करते. १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट पहिला होता. १९४१ मध्ये आलेला ‘सिटिझन केन’ त्या वेळी पहिल्या दहांतही नव्हता; तोच १९६२ मध्ये पहिला आला आणि २००२ पर्यंत पहिलाच राहिला. २०१२ मध्ये त्याची जागा ‘व्हर्टिगो’ने घेतली. २०२२ मध्ये शांताल आकेरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिएलमान’ पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या यादीत प्रथमच अग्रस्थानी आला होता. एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम, म्हणजे बटाटे सोलणे, अंथरूण आवरणे, भांडी घासणे, हा चित्रपट अतिशय संथपणे दाखवतो. योगायोग असा, की तोही १९७५ चाच आणि लांबीला ‘शोले’सारखाच तीन तासांहून मोठा.

या सत्तर वर्षांत ‘बायसिकल थीव्ह्ज’मधील एकही दृश्य बदलले नाही. बदलले ते मत देणारे. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मते दिली होती, तर २०२२ मध्ये १६३९ जणांनी. मतदारांचे वर्तुळ रुंदावले, निरनिराळ्या देशांतील, पिढ्यांतील आणि अनुभवांतील माणसे त्यात आली, आणि स्वयंपाकघरातील एका बाईचा दिवस हा मोठ्या चित्रपटाचा विषय असू शकतो, हे त्या यादीत उमटले. यादीतील पहिला क्रमांक चित्रपटाविषयी काही सांगतोच. पण मत कोणाला विचारले गेले, हेही तो सांगतो.

आमच्या बत्तीस चिठ्ठ्या मी पुन्हा वाचल्या, तेव्हा हेच जाणवले. ‘श्यामची आई’ केवळ मराठी माणसांच्या चिठ्ठ्यांत होता. भवाई या लोकनाट्याच्या बाजाने केतन मेहता यांनी केलेला ‘भवनी भवाई’ गुजराती मंडळींपैकी मोजक्याच जणांना आठवला होता. भाषेच्या कुंपणापलीकडचे चित्रपट आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नव्हते. आणि एका चिठ्ठीत पहिल्या क्रमांकावर ‘श्वास’ होता. ती चिठ्ठी शिवणकाम करणाऱ्या ताईंची.

‘श्वास’ हा संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला, २००४ मध्ये प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णपदक मिळाले होते, त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला तो मान ‘श्वास’ने मिळवून दिला. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा, तर दृष्टी जाणार असते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि जग डोळे भरून पाहू देतात. बैठकीत कोणीतरी विचारले, ‘‘ताई, इतके मोठमोठे चित्रपट असताना हाच पहिला का?’’ ताई जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या सासऱ्यांची नजर हळूहळू गेली. शेवटी शेवटी ते मला रोज विचारायचे, आज कोणत्या रंगाचं कापड शिवतेस? मी कामाच्या घाईत एका शब्दात सांगून मोकळी व्हायची. हा चित्रपट पाहिल्यापासून मी त्यांना नीट सांगायला लागले. हिरवा म्हणजे कसला हिरवा, तर पोपटी की आंब्याच्या पानासारखा. ते गेले तोवर सांगत राहिले.’’

सभागृहात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग गुरुजी म्हणाले, ‘‘ताई, याला दहाच गुण देता येतात, हा आमच्या नियमांचा तोकडेपणा आहे.’’

त्या दिवशी एक निराळाच प्रश्न पुढे आला. यादी छापून फलकावर लावायची होती आणि जागा अपुरी होती. एकच मत मिळालेले चित्रपट गाळावेत, असे काहींचे म्हणणे होते. ‘‘एकाच्या आवडीला यादी कशी म्हणायची?’’ हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण मला त्या एकट्या मतांची काळजी वाटत होती. चित्रपट विस्मरणात जातो, तो असाच. आधी तो मोजक्यांना आठवतो, मग एकाला, आणि मग कोणालाच नाही. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला, तेव्हा तो पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळी त्याने एखादी यादी गाजवली असती. आज त्याला मत देणे कोणालाही शक्य नाही. आपल्याकडील मूकपटांपैकी बहुसंख्य असेच नाहीसे झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आपले आयुष्य जुनी रिळे शोधण्यात घालवले, म्हणून दादासाहेब फाळके यांच्या कामाचे काही अवशेष तरी आपण पाहू शकतो. आवडनिवड फार पुढची गोष्ट. ती करता यावी म्हणून आधी कोणीतरी चित्रपट जपावा लागतो आणि कोणीतरी तो दुसऱ्याला दाखवावा लागतो.

बरीच चर्चा होऊन शेवटी आम्ही दोन कागद लावायचे ठरवले. एकावर गुणांनुसार पहिले पंचवीस चित्रपट, दुसऱ्यावर ‘एकाच मताचे चित्रपट’. दुसऱ्या कागदाला क्रमांक नाहीत. येत्या वर्षातील आमचे चित्रपट त्या कागदातून निवडायचे आणि ज्याचे ते मत, त्याने चित्रपटाआधी चार शब्द बोलायचे, असा नियम झाला. पहिला कागद वाचायला फार वेळ लागत नाही. त्यातील बहुतेक नावे ओळखीचीच असतात. दुसऱ्या कागदापुढे मात्र माणसे वही काढून उभी राहतात.

कोणतीही यादी हाती आली, म्हणजे आता मी आधी तिच्या तळाशी पाहतो. मते किती जणांनी दिली, कोणत्या वर्षी दिली, कोणाला विचारलेच गेले नाही, हे समजले की पहिल्या क्रमांकाचा दबदबा आपोआप कमी होतो आणि यादी मोकळ्या मनाने वाचता येते. आपली आवड तिच्यात सापडली नाही, म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. आणि सापडली, म्हणून मिरवण्याचेही नाही. जमल्यास आपणही दहा चित्रपटांची एक यादी लिहावी, तिच्याखाली तारीख घालावी आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण लिहावे. मग ती अशा माणसाला द्यावी, ज्याने त्यांतील एकही चित्रपट पाहिलेला नाही.